आकडा एमएएचचा, हिशेब तासांचा

नवा हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, येणार अशी कुणकुण लागली की सगळ्यात आधी एक आकडा फिरायला लागतो. कुणी म्हणतं सहा हजार, कुणी म्हणतं आठ, एखादा उत्साही गडी थेट दहा हजार एमएएचवर (मिलीअँपिअर-तास, बॅटरी मोजायचं एकक) जाऊन बसतो. चिप कुठली, स्क्रीन केवढी, याचीही चर्चा होते, पण बॅटरीच्या आकड्याची गोडी तिला नसते. कारण हा आकडा आपल्याला कळतो, असं प्रत्येकाला वाटतं. जास्त तेवढा चांगला. फोन घेताना हेच शिकलो, आता तीच फूटपट्टी कन्सोलला लावतो.

माझं म्हणणं, या आकड्याकडे डोळे लावून बसणं आपण सोडून द्यावं. बॅटरी कशीही असली तरी चालेल, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण आकड्यातच अडकून पडलो की कंपनीकडे हक्काने मागायच्या गोष्टी मागायच्या राहतात, आणि कंपन्यांना ते भलतंच सोयीचं पडतं.

2017 मध्ये निन्टेंडोचा स्विच आला तेव्हा त्यात 4310 एमएएचची बॅटरी होती आणि ती अडीच ते साडेसहा तास चालेल असं कंपनीने सांगितलं होतं. 5 जून 2025 ला स्विच 2 आला. बॅटरी 5220 एमएएच, म्हणजे आधीच्यापेक्षा सुमारे 21 टक्के मोठी. आणि वेळ? दोन ते साडेसहा तास. वरचं टोक जिथल्या तिथे, खालचं टोक अर्ध्या तासाने आणखी खाली. मधे आठ वर्षं गेली, बॅटरी वाढली, आणि एखादा भारी खेळ लावला तर चार्जर पूर्वीपेक्षा लवकर शोधावा लागतो. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. 6.2 इंचांची स्क्रीन 7.9 इंचांची झाली, 720पीची 1080पी झाली, रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकते तो आकडा, 60 हर्ट्झवरून 120 वर गेला, चिप तर कितीतरी पटींनी दणकट झाली. वाढलेली बॅटरी या मंडळींनी आपसात वाटून घेतली. खेळणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं एक मिनिटही आलं नाही. पण 5220 हा आकडा पहिल्यांदा बाहेर आला असेल तेव्हा 4310 शी ताडून पाहून कितीजण खूश झाले असतील!

मुळात एमएएच हे एककच जरा लबाड आहे. बॅटरीतून किती प्रवाह किती वेळ मिळेल एवढंच ते सांगतं. त्यात ऊर्जा किती, हे कळायला व्होल्टेजने गुणावं लागतं आणि तो गुणाकार वॅट-तासांत येतो. नुसते एमएएच सांगणं म्हणजे किती हंडे पाणी भरलं ते सांगायचं आणि हंडा केवढा ते गुलदस्त्यात ठेवायचं. स्विच 2 मधल्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण पावणेचारच्या घरात, म्हणजे 5220 एमएएचचे जेमतेम 20 वॅट-तास होतात. आता 2022 मध्ये आलेला व्हॅल्व कंपनीचा स्टीम डेक घ्या. त्याची बॅटरी 40 वॅट-तासांची. पण त्यातले सेल एकापुढे एक जोडलेले आहेत, त्यामुळे व्होल्टेज 7.7. चाळिसाला 7.7 ने भागलं की उत्तर येतं 5.2, म्हणजे 5200 एमएएच. दोन्ही यंत्रांचा आकडा जवळजवळ सारखा, आणि एकात दुसऱ्याच्या दुप्पट ऊर्जा. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते मी पाहिले आहेत. तक्ता करणाऱ्याने दोन्ही आकडे बरोबर लिहिलेले असतात, आणि तक्ता तरीही चुकलेला असतो.

पॉवर बँकेच्या बाबतीतही हाच घोळ होतो. दहा हजारांची पॉवर बँक घेतली म्हणजे पाच हजारांचा कन्सोल दोनदा भरेल, असा सरळ हिशेब आपण करतो. पॉवर बँकेतल्या सेलचा व्होल्टेज 3.7, म्हणून तिच्यात 37 वॅट-तास. तो व्होल्टेज वर चढवून केबलमधून बाहेर काढायचा, कन्सोलमध्ये पुन्हा खाली उतरवायचा, आणि प्रत्येक पायरीवर थोडी वीज उष्णता होऊन उडून जाते. पदरात पडतात तिसाच्या आसपास. कन्सोल एकदा भरतो, दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबतो, आणि माणूस पॉवर बँकवाल्याच्या नावाने बोटं मोडतो.

ही झाली साठ्याची गोष्ट. खरा खेळ खर्चाचा आहे. स्टीम डेकची चिप जास्तीत जास्त 15 वॅट घेते. स्क्रीन, मेमरी, पंखा, वायफाय हे सगळं धरलं आणि भारी खेळ लावला, तर पूर्ण यंत्राचा खर्च पंचविशीला टेकतो. 40 भागिले 25, म्हणजे एक तास 36 मिनिटं. त्याच यंत्रावर एखादा साधा, सपाट चित्रांचा खेळ लावला तर सगळं मिळून सहा-सात वॅटमध्ये भागतं आणि सहा तास आरामात निघतात. बॅटरी तीच, हात तेच, फक्त खेळ बदलला आणि वेळ जवळपास चौपट झाला. कुठल्या बॅटरीने एवढा फरक पाडला असता?

चिपचाही एक स्वभाव आहे. तिचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावा लागतो, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. त्यामुळे वेगाचे शेवटचे दहा-पंधरा टक्के सगळ्यात महाग पडतात. हे एकदा ध्यानात आलं की फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्या, आकड्याकडे बघण्याची नजर बदलते. स्टीम डेकमध्ये 2022 मध्येच स्क्रीन 40 हर्ट्झवर चालवायची सोय आली. 60 फ्रेमला प्रत्येक चित्र 16.7 मिलीसेकंदांनी येतं, 30 ला 33.3 नी, आणि 40 ला बरोबर 25 नी. वेळेच्या हिशेबात 40 हा 30 आणि 60 च्या अगदी मधोमध बसतो, दिसायला मात्र साठाच्या जास्त जवळचा वाटतो. मी बहुतेक खेळ आता 40 वरच खेळतो. पहिली पाच मिनिटं जाणवतं की काहीतरी जड झालंय. मग एखादी लढाई सुरू होते आणि आपण फ्रेमबिम विसरून जातो. कोपऱ्यातला वॅटचा आकडा खाली उतरलेला असतो, पंख्याची घरघर बसते, आणि तळहाताला लागणारी ती उबदार हवा, जिच्यामुळे अर्ध्या तासात बोटं घामेजतात, तीही कमी होते. ही सोय प्रत्येक खेळात, प्रत्येक हँडहेल्डवर, एका बटणावर का नसावी? मोठ्या बॅटरीपेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे.

हा धडा नवा नाही. 1989 मध्ये निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंच्या चमूने गेम बॉय केला तेव्हा रंगीत स्क्रीन करता येत होती. त्याच वर्षी अटारीने लिंक्स आणून ते दाखवूनही दिलं: रंगीत पडदा, मागून उजेड, सहा एए सेल आणि चार-पाच तासांत सगळे सेल खलास. पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचा गेम गियर आला, त्याची तीच तऱ्हा. योकोईंनी हिरवट पडदा घेतला, मागचा दिवा काढूनच टाकला आणि चार सेलवर 15 तासांच्या आसपास यंत्र चालवून दाखवलं. जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते नव्या डोक्याने वापरायचं, हा त्यांचा खाक्याच होता. आपल्याकडे याला कोंड्याचा मांडा करणं म्हणतात. गेम गियर एक कोटीच्या थोडा वर विकला गेला. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून 11 कोटी 86 लाखांहून जास्त. हे सगळं बॅटरीमुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. किंमत होती, टेट्रिस होता. आणि अंधारात गेम बॉय खेळायला दिव्याखाली जाऊन मान वाकडी करावी लागायची, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण जास्त सेल असलेली यंत्रं लवकर विझली, ही गोष्ट राहतेच.

तरी मला सगळ्यात बोलकं उदाहरण 2019 चं वाटतं. त्या वर्षी निन्टेंडोने मूळ स्विचचीच सुधारित आवृत्ती आणली. बाहेरून बघाल तर तोच कन्सोल. बॅटरी तीच, 4310 एमएएच, एकही वाढला नाही. आतली टेग्रा चिप तेवढी 20 नॅनोमीटरच्या जागी 16 नॅनोमीटरच्या, कमी वीज खाणाऱ्या पद्धतीने बनवलेली होती. वेळ अडीच-साडेसहावरून साडेचार ते नऊ तासांवर गेला. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ आधी सुमारे तीन तास चालायचा, तो साडेपाचच्या आसपास चालू लागला. आता कल्पना करा, त्या सुधारित यंत्राबद्दल आधी फक्त बॅटरीचा आकडा फुटला असता तर काय झालं असतं? 'पुन्हा तीच बॅटरी' म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली असती. आकडा अगदी खरा असता आणि त्यावरून बांधलेला अंदाज साफ चुकला असता.

2023 मध्ये आलेला ओएलईडी स्टीम डेक हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सांगतो. बॅटरी 40 वरून 50 वॅट-तास, म्हणजे 25 टक्क्यांनी वाढली. चिप 7 वरून 6 नॅनोमीटरवर आली आणि स्क्रीन ओएलईडी झाली, जिच्यात काळा ठिपका वीज जवळपास घेतच नाही. कंपनीने सांगितलेला वेळ दोन ते आठ तासांवरून तीन ते बारा तासांवर गेला, म्हणजे 50 टक्क्यांनी. निम्मं श्रेय बॅटरीचं, निम्मं काटकसरीचं. आणि एवढं करून यंत्राचं वजन 669 ग्रॅमवरून 640 वर उतरलं.

माझ्या म्हणण्याला अडचणीचं एक उदाहरण आहे, ते लपवत नाही. एसुसने 2023 मध्ये आरओजी अलाय आणला, बॅटरी 40 वॅट-तास, आणि ती पुरत नाही म्हणून सगळीकडून ओरड झाली. 2024 च्या अलाय एक्समध्ये त्यांनी ती सरळ 80 केली. वजन 608 ग्रॅमचं 678 झालं, सत्तर ग्रॅमच वाढले, आणि लोक सुखावले. म्हणजे मोठ्या बॅटरीने काम होतं. जरूर होतं. पण ते अशाच यंत्रात, जे आधीच सहाशे ग्रॅमचं आहे आणि दोन्ही हातांनी, कोपर टेकवून धरायचं आहे. चारशे ग्रॅमच्या, लहान मुलाच्याही हातात राहील अशा यंत्रात ही युक्ती बसत नाही. शिवाय वरचं छत फार दूर नाही. विमानात विमान कंपनीची खास परवानगी न काढता जास्तीत जास्त 100 वॅट-तासांची लिथियम बॅटरी नेता येते. 80 नंतर अजून एकदा दुप्पट करायला जागाच उरत नाही.

मग नव्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांचं काय, असं हल्ली हमखास विचारतात. 2023 पासून फोनमध्ये या बॅटऱ्या दिसू लागल्या आणि आता तर पातळशा फोनमध्येही सात-सात हजार एमएएच बसतात. येणाऱ्या कन्सोलकडून असलेल्या अपेक्षा फुगल्या त्या बऱ्याचशा यामुळे. पण सिलिकॉनला लिथियम साठवताना फुगण्याची खोड आहे. शुद्ध सिलिकॉन तर तिपटीच्या वर फुगतं, म्हणून ते कार्बनमध्ये बेताबेताने मिसळावं लागतं. फोन माणूस तीन-चार वर्षांत बदलतो. कन्सोल सात-आठ वर्षं राहतो, धाकट्या भावाकडे जातो, आणि त्यातली कित्येक वर्षं डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, शंभर टक्के चार्ज होऊन, गरम अवस्थेत काढतो. लिथियम बॅटरीला सगळ्यात न मानवणाऱ्या गोष्टी याच दोन: पूर्ण भरलेलं असणं आणि उष्णता. स्विच 2 मध्ये 90 टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवायची सोय दिली आहे ती यासाठीच. तेव्हा कन्सोलवाले नव्या रसायनाला लगेच हात लावत नसतील तर त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आणली. तेव्हापासून आजवर एका किलोत मावणारी ऊर्जा साधारण तिप्पट झाली असेल. चिपच्या भुकेशी या वेगाची बरोबरी कधी होणार नाही.

तर मागायचं काय?

एक म्हणजे खालचं टोक. 'दोन ते साडेसहा तास' हे वाक्य इतकं ऐसपैस आहे की त्यात काहीही मावतं. साडेसहा तास कुठल्या खेळाला, ब्राइटनेस किती ठेवून, वायफाय चालू की बंद? निन्टेंडोने ब्रेथ ऑफ द वाइल्डचं नाव घेऊन वेळ सांगितला होता, तसं प्रत्येकाने सांगावं: आमचा सगळ्यात भारी खेळ, अर्धा ब्राइटनेस, इतके तास. आणि कंपन्या आपणहून सांगणार नसतील तर सांगायला लावावं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून फोन आणि टॅब्लेटवर एक लेबल लावावं लागतं. एका चार्जमध्ये यंत्र किती वेळ चालतं, बॅटरी किती चार्जिंगनंतर 80 टक्क्यांवर येते, दुरुस्तीला किती सोपं आहे, हे सगळं त्यावर ठरलेल्या चाचणीने मोजून छापलेलं असतं. फोनला जमतं ते खेळाच्या यंत्राला न जमायला काय झालं? खेळाचं यंत्र हे खेळणं, म्हणून त्याचा कायदाही खेळीमेळीचा, असा काहीतरी समज दिसतो.

दुसरी मागणी मला याहून मोठी वाटते. निन्टेंडोच्याच म्हणण्याप्रमाणे स्विचची बॅटरी 800 वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या सुमारे 80 टक्के उरते. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर सव्वादोन वर्षांत हा टप्पा येतो. जे यंत्र नवं असताना भारी खेळाला दोन तास देत होतं, ते तेव्हा एक तास 36 मिनिटं देईल. पाचव्या वर्षी किती, ते विचारू नका. म्हणजे पहिल्या दिवशीचा आकडा पाच हजार होता की सहा, यापेक्षा तिसऱ्या वर्षी मला बॅटरी बदलता येते का, हा प्रश्न मोठा. आणि इथे आपण उलटे गेलो आहोत. 2004 मध्ये आलेल्या सोनीच्या पीएसपीला मागे छोटं झाकण होतं. ते नखाने सरकवायचं, जुनी बॅटरी काढायची, नवी बसवायची. निन्टेंडो डीएसला एक स्क्रू होता. स्विच 2 मध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे. पहिल्या स्टीम डेकमध्येही तसंच.

यावरही युरोपातूनच काठी उगारली गेली आहे. तिथल्या 2023 च्या बॅटरी नियमाप्रमाणे 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडले तर, यंत्रातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, तीही बाजारात सहज मिळणाऱ्या अवजारांनी, गरम हवा किंवा रसायन न वापरता. त्या बॅटऱ्या यंत्राचं शेवटचं नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं विकत मिळायला हव्यात, असंही त्यात आहे. यापुढे येणाऱ्या प्रत्येक हँडहेल्डला या नियमाच्या दारातून जावं लागेल. त्यासाठी झाकण, आतली चौकट, बॅटरीचं कडक वेष्टण याला जागा लागणार आणि दोन-चारशे एमएएच त्या जागेत जाणार. येणाऱ्या कन्सोलचा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा कमी निघाला आणि त्याचं कारण हे असलं, तर मी तो सौदा आनंदाने करीन. आणि त्या दिवशी 'बॅटरी लहान केली' म्हणून जी बोंब उठेल ना, तिच्यात सूर मिसळण्याआधी मागचं झाकण एकदा उघडून बघावं, एवढीच विनंती.

माझ्या टेबलाच्या खणात दोन जुने हँडहेल्ड आहेत. नावं घेत नाही. थोरल्याचं वय वीसच्या आसपास. त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वी पार संपली होती, तर तसलीच एक नवी मागवली, झाकण उघडलं, टिक्‌ असा आवाज होऊन ती बसली आणि हिरवा दिवा लागला. जुने सेव्ह जागच्या जागी होते. धाकट्याला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. मध्यंतरी त्याची मागची बाजू टेबलावर सपाट बसेना. बघतो तर आतली बॅटरी फुगून पाठ कडेने उचलली गेली होती, नख आत जाईल एवढी फट. दुरुस्तीच्या केंद्रात विचारलं तर म्हणाले, बॅटरी चिकटवलेली आहे, काढताना खालची केबल तुटायची शक्यता, आणि नवी बॅटरी आता येत नाही. त्याच्या खोक्यावर क्षमतेचा आकडा केवढ्या मोठ्या अक्षरांत छापलाय. थोरल्याच्या जवळजवळ तिप्पट.